चुन्याचा रांजण आणि हापशीचं पाणी

मी एक जुना चुन्याचा रांजण आहे, मित्रांनो. नुसता रांजण म्हणू नका, मला राग येतो. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवतो. इतकी वर्षं पोटात चुना खदखदवला, थोडी गरमी अंगात मुरणारच की! पण घाबरू नका, आता मी बराच शांत झालो आहे. कसा झालो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझं गाव बेल्याच्या बाजूचं. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे आदिलाबाद जिल्हा. आमच्याकडे बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दूचे जुने शब्द, आणि घरात मात्र चोख मराठी. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका कुंभाराने मला घडवलं. त्याने चिकण माती पायांनी तुडवली, त्यात लीद कालवली, चाळलेली राख मिसळली. त्या राखेचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझं बूड त्याने इतरांपेक्षा जाड ठेवलं. भट्टीतून निघालो तेव्हा त्याने मला बोटाने टकटक वाजवलं आणि खूश होऊन बायकोला म्हणाला, "हा टिकते पाय." म्हणजे, हा टिकेल बघ.

बेल्याच्या बाजारात मला भागाबाईंनी विकत घेतलं. भागाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या कर्त्या बाई. कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या, सगळं भरलेलं घर. मला त्यांनी ओसरीवर वाळू पसरून बसवलं, अंगाला ओलं फडकं गुंडाळलं आणि आत विहिरीचं पाणी भरलं. काय थाट होता माझा! उन्हातून आलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग घरच्यांकडे. पाहुणे पाणी पिऊन "आहाहा" म्हणायचे, आणि भागाबाई अशा हसायच्या, जणू ते पाणी त्यांनीच थंड केलं होतं. थंड करायचो मी. पण जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. माझ्या कडेला एक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, असे. घरची माणसं तो बुडवून पाणी घ्यायची. पण गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीतून शेतमजूर आले, की घरातलं कोणीतरी गडव्याने वरून धार सोडायचं आणि ती माणसं ओंजळ धरून प्यायची. ओसरीच्या खाली उभी राहून. मी मातीचा, मला काय कळणार? मला वाटायचं, यांना असंच आवडत असेल.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. द्वारकाबाई नावाच्या मजूर बाई कामाला आल्या होत्या, आणि शाळेला सुटी म्हणून त्यांची मुलगी मनकर्णा सोबत आली होती. ती तेव्हा दहावीत होती. भर दुपारी ती एकटी पाणी मागायला घराशी आली. तिने हाका मारल्या. सगळे आत झोपलेले. तिने बराच वेळ वाट पाहिली, मग ओसरीवर चढली, गडवा माझ्यात बुडवला आणि घटाघट पाणी प्याली.

तेवढ्यात भागाबाई दारात आल्या.

"काय केलं वं पोरी?"

"पानी पेली, आजी. आवाज देल्ला, कोनी नोतं."

भागाबाईंनी आरडाओरडा केला नाही. मारलं तर मुळीच नाही. त्यांनी फक्त मला आडवं करून सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. मग पितळी गडवा राखेने खसाखसा घासला, चुलीच्या जाळावर धरला, आणि तो पुन्हा चांगला झाला. माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "धातूचं सुटते. मातीचं भांडं बाटलं ते बाटलं. फोडून टाका याले."

मित्रांनो, मला काय झालं होतं? कुठे तडा नव्हता, कुठे ओघळ नव्हता. तेच पाणी, तोच थंडावा! मला इतका संताप आला म्हणून सांगू. मनकर्णा खाली मान घालून उभी होती. भागाबाईंची नवी सून जयवंताबाई दाराआडून बघत होती. बोलल्या त्या द्वारकाबाई. शेतातून येऊन पोहोचल्या होत्या आणि सगळं समजल्या होत्या.

"फोडू नोका, बाई. मले द्या. चुन्याले होईन."

आणि त्यांनी मला डोक्यावर घेतलं. मनकर्णाने एका हाताने मला सावरून धरलं होतं. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "माय, म्या गडवा धुऊनच ठेवला असता." द्वारकाबाई म्हणाल्या, "चाल, पाय उचल." त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी त्या घरी कामं खूप केली, पण पाणी कधी मागितलं नाही.

असा मी पाण्याच्या रांजणाचा चुन्याचा रांजण झालो. पहिले काही दिवस मी फुगून बसलो होतो. पण द्वारकाबाईंच्या हाताखाली कोणी फार दिवस फुगून बसूच शकत नाही. मजुरीच्या जोडीला त्या घरांना चुना मारायचं काम करायच्या. दसरा-दिवाळीच्या आधी शेतकऱ्यांची घरं, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीआधी आपली वस्ती आणि बुद्धविहार. विहाराच्या चुन्यात त्या नीळ जरा जास्तच टाकायच्या.

चुना कसा भिजवतात ते ठाऊक आहे का? भट्टीतून येतो तो कळीचा चुना. पांढरी ढेकळं, दिसायला गरीब. पण पाणी लागलं की त्याचा खरा स्वभाव कळतो! सूं सूं करतो, तडतडतो, वाफा सोडतो, आणि भांडं हात लावू नये इतकं तापवतो. द्वारकाबाईंची रीत ठरलेली होती. आधी माझ्यात भरपूर पाणी. मग तोंड लांब ठेवून, पदर नाकाला बांधून, एकेक ढेकूळ हळूच सोडायचं. एक शांत झालं की दुसरं. लांब काठीने ढवळायचं. मग झाकण ठेवून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी दह्यासारखा मऊ चुना तयार. त्यात मीठ, थोडा डिंक, नीळ. अंबाडीच्या दोऱ्यांचा कुंचा घेऊन त्या भिंतीवर असे हात मारायच्या, की दुपारपर्यंत भिंत भुरकी दिसायची आणि संध्याकाळी वाळली की लख्ख पांढरी.

काम झालं की त्यांचे हात चरचरायचे, बोटं भेगाळायची. मग त्या चिंचेचं पाणी किंवा आंबट ताक हातांना चोळायच्या. "आंबटानं चुना मरते," असं म्हणायच्या. साऱ्या गावालाच हे ठाऊक होतं. तंबाखूत चुना जास्त पडून जीभ पोळली तर लोक चिंचेचं बुटुक चोखायचे. ही गोष्टही लक्षात ठेवा, हिच्यामुळेच पुढे घोळ होणार आहे.

माझ्या पोटातल्या चुन्याला मागणी तर किती होती! कोणाला पानाला हवा, कोणाला तंबाखूला. कोणाचा पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप. कोणाला मधमाशी चावली की "द्वारके, जराकसा चुना दे वं." वर साचलेलं स्वच्छ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, तीही लोक बाटलीत भरून न्यायचे. मी मनात म्हणायचो, घ्या, घ्या. पाणी चालत नाही, चुना मात्र चालतो! पण माझं ऐकतो कोण.

वर्षं गेली. मनकर्णा शिकली. आदिलाबादला राहून तिने मास्तरणीचं प्रशिक्षण घेतलं आणि आमच्याच गावच्या मराठी शाळेत शिक्षिका होऊन आली. ज्या ओसरीसमोर ती मान घालून उभी होती, त्याच ओसरीवरून आता पोरं ओरडायची, "मॅडम आल्या, मॅडम आल्या!" द्वारकाबाई तर त्या दिवशी उगीचच दोनदा गावातून चक्कर मारून आल्या.

एके दिवशी मनकर्णा मॅडमने सगळा वर्गच द्वारकाबाईंच्या अंगणात आणला. माझ्याभोवती पोरांचं कडं झालं. मी एकदम ताठ बसलो. त्यांनी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून, वाळवून, त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. एक पिवळी पट्टी माझ्यातल्या निवळीत बुडवली. पट्टी लालभडक! पोरं ओरडली, "कुकू झालं, कुकू झालं!"

"ओरडू नका, पाहा," मॅडम म्हणाल्या. दुसरी पट्टी राखेच्या पाण्यात, ती लाल. तिसरी साबणाच्या फेसात, ती लाल. एक पापडखाराच्या पाण्यात, तीही लाल. मग त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. चिंच, लिंबू, ताक ही सगळी आंबट मंडळी, त्यांना आम्ल म्हणतात. चुना, राख, खार, धुण्याचा सोडा ही त्यांच्या उलट मंडळी. पाण्यात कालवली की बोटांना बुळबुळीत लागतात, चवीला कडवट असतात, पण चाखून बघायची नाहीत. त्यांना अल्क म्हणतात, आणि ज्याच्यात अल्काचा गुण, तो पदार्थ अल्कधर्मी. अल्क तेलकटपणा सोडवतो, म्हणून राखेने भांडं निघतं आणि साबणाने कपडा निघतो. पापड फुलतो तो खारामुळे. भिंतीवरचा चुना किडे-बुरशी टिकू देत नाही, म्हणून घर निरोगी राहतं.

पाहा मित्रांनो! मी तर जन्मापासूनच या घराण्यातला निघालो. कुंभाराने माझ्या मातीत राख मिसळली होती, आठवतं ना?

शेवटी मॅडमने एका लाल पट्टीवर चिंचेचं पाणी टाकलं. पट्टी पुन्हा पिवळी झाली. "आम्ल आणि अल्क भेटले की एकमेकांचा जोर मोडतात," त्या म्हणाल्या.

झालं! पोरं घरोघर सांगत सुटली. हळद लागलेलं लुगडं साबणाने धुताना लाल का होतं, हे बायकांना तेव्हा उमगलं. भागाबाईंपर्यंतही ही गोष्ट गेली. त्या म्हणाल्या, "चुन्याले आंबट, हे आमाले पयलेच ठावं हाये. त्याच्यासाठी शाळा कायले पाह्यजे?" आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. फक्त अर्धं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची एक दिवाळी. पाऊस लांबल्यामुळे सगळ्यांचीच कामं मागे पडली होती. भागाबाईंच्या घरी चुना मारायला द्वारकाबाईंना बोलावणं आलं. बैलबंडीत घालून मला तिथे नेलं. म्हणजे मी परत त्याच घरी आलो, पण अंगणापर्यंतच. ओसरी समोर दिसत होती. माझ्या जागी दुसरा रांजण बसलेला होता, पण त्या दिवशी तोही उलटा. दिवाळीची साफसफाई म्हणून घरातली सगळी माठ-घागरी रिकामी करून, घासून, उन्हात पालथी घातली होती. विहीर गावाच्या वरच्या टोकाला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. जे होतं ते माझ्या पोटात, चुन्यासाठी.

द्वारकाबाईंनी थोडी ढेकळं सोडली, ती शांत होऊ दिली. ऊन चढलं होतं. त्यांना तहान लागली. मागितलं असतं तर जयवंताबाईंनी कुठून तरी आणून दिलं असतं, पण त्यांनी मागितलं नाही. "आत्ता येतो," असं म्हणून त्या कुंपणाच्या फटीतून वस्तीकडे गेल्या. तिथे सरकारने हापशी बसवून दिली होती, अगदी कुंपणाच्या पलीकडेच. पण भागाबाईंच्या घरच्या बाया त्या हापशीवर कधी गेल्या नव्हत्या. त्या लांबच्या विहिरीवरून पाणी आणत.

जयवंताबाई अंगणात होत्या. आता त्या चांगल्या संसारी झाल्या होत्या आणि त्यांना कामाची घाई फार. त्यांना वाटलं, एकेक ढेकूळ सोडत बसलं तर दिवाळी निघून जाईल. त्यांनी उरलेली अख्खी टोपली उचलली आणि माझ्यावर वाकून एकदम आत ओतली.

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो, मित्रांनो. माझ्या पोटात एकदम भडका उडाला. चुना फुटला, उसळला आणि एक उकळता शिंतोडा थेट जयवंताबाईंच्या डोळ्यात गेला.

"माय वं! डोया गेला माह्या!"

त्या डोळा दाबून खाली बसल्या. भागाबाई आतून धावत आल्या. सुनेचं बोट बाजूला करून पाहिलं, पांढरं पांढरं डोळ्यात चिकटलेलं. पण त्यांचं डोकं चाललं. तसं ते चालायचंच, त्या कर्त्या बाई होत्या. आत गेल्या आणि आंबट ताकाची वाटी घेऊन आल्या. "उघड डोया, बेटा. ताक टाकतो, चुना मरते."

तेवढ्यात किंकाळी ऐकून कुंपणातून द्वारकाबाई आल्या, आणि त्यांच्या मागून मनकर्णा. शाळेला सुटी लागली होती म्हणून ती घरीच होती. द्वारकाबाईसुद्धा म्हणाल्या, "व्हय व्हय, ताक टाका, नाहीतर चिच आना."

मनकर्णाने धावत येऊन भागाबाईंचं मनगट धरलं. अंगणातल्या कोणीही यापूर्वी भागाबाईंचं मनगट धरलं नव्हतं.

"आजी, आंबट नका टाकू."

"सोड! तुह्याच शाळेत सांगतलं ना, आंबटानं चुना मरते म्हनून?"

"कागदावर मरते, आजी. डोळ्यात नाही. आंबट आणि चुना भेटले की आणखी गरमी होते, डोळा शिजून जाईन. नुसतं पाणी पाहिजे. खूप पाणी. चुना धुऊन निघाला पाहिजे. पाणी कुठं आहे?"

भागाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पालथ्या घागरी. पालथे माठ. पालथा रांजण.

"पानी नाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता.

"मग हापशीवर चला."

भागाबाई कुंपणाकडे बघत राहिल्या. हातात ताकाची वाटी तशीच. मला आठवलं, मला आडवं करताना हेच हात किती चटकन चालले होते. आणि आता चालेनात. मी मनात म्हणत होतो, अहो बाई, हला! डोळा चाललाय तुमच्या सुनेचा!

हलल्या त्या जयवंताबाई. एक डोळा गच्च मिटलेला, दुसऱ्यातून पाण्याच्या धारा. त्यांनी चाचपडत मनकर्णाचा हात शोधला आणि घट्ट धरला. "चाल वं मना. ने मले."

दोघी कुंपणातून गेल्या, मागोमाग द्वारकाबाई. पुढचं मी अंगणातून पाहिलं, कुंपण तसं विरळच होतं. मनकर्णाने जयवंताबाईंचं डोकं मांडीवर आडवं धरलं, एका हाताच्या बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्या आणि ओरडली, "माय, हाण!" द्वारकाबाईंनी हापशीचा दांडा हाणायला सुरुवात केली. बदाबदा पाणी. मनकर्णा ते दुसऱ्या हाताच्या तळव्यात घेऊन डोळ्यावर सोडत होती. जयवंताबाई विव्हळत होत्या, "पुरे वं, पुरे," आणि मनकर्णा म्हणत होती, "पुरे नाही, वहिनी. डोळा उघडा ठेवा. अजून. अजून." चुन्याचे बारीक कण पापणीखाली लपतात, ते ती पापणी उलटून धुऊन काढत होती.

द्वारकाबाई सकाळपासून कामात होत्या. त्यांचे हात भरून आले. दांडा हळू झाला, धार बारीक झाली.

"माय, थांबू नको!"

"नाई होऊन राह्यलं, मना..."

तेव्हा भागाबाई हलल्या. त्यांनी ताकाची वाटी माझ्या शेजारी जमिनीवर ठेवली. पदर खोचला. कुंपणाच्या फटीतून वाकून त्या पलीकडे गेल्या, द्वारकाबाईंना खांद्याने बाजूला सारलं आणि हापशीचा दांडा धरला. "सरक वं," एवढंच म्हणाल्या. आणि हाणायला लागल्या. जुनं हाड, पण काय जोर! मग एकदा द्वारकाबाई, एकदा भागाबाई, असा तो दांडा किती वेळ चालला कोणास ठाऊक. वस्तीतले लोक जमले होते.

जयवंताबाईंचे यजमान उद्धवराव शेतातून धावत आले, जीप मिळवली आणि त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. मनकर्णा सोबत गेली. रात्री ते लोक परतले नाहीत. भागाबाई ओसरीच्या पायरीवर बसून होत्या, आणि खाली माझ्याजवळ द्वारकाबाई. दोघींपैकी कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. जयवंताबाईंच्या डोळ्यावर पट्टी होती. मनकर्णाने उतरता उतरताच सांगितलं, "डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, लगेच धुतला म्हणून वाचला." पुढे पट्टी सुटली तेव्हा थोडं धूसर दिसत होतं, मग तेही हळूहळू निवळलं. पट्टी काढल्यावर जयवंताबाई पहिल्यांदा बाहेर आल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या शेताकडे बघत उभ्या होत्या.

तुम्हाला वाटेल, भागाबाईंनी माफी मागितली असेल. छे! त्या माफी मागणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पण पुढच्या दिवाळीला मला अंगणात आणलं तेव्हा माझ्या शेजारी एक भरलेली घागर ठेवलेली होती. हापशीच्या पाण्याची. भागाबाईंनी स्वतः आणलेली. चुन्याची टोपली आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "आधी पान्याची घागर, मंग चुना. अन् द्वारके, आधी तू पे. उपाशी तापाशी काम नाई करायचं." आणि त्यांनी गडवा भरून द्वारकाबाईंच्या हातात दिला. वरून धार नाही. हातात. द्वारकाबाईंनी तो घेतला, पण पाणी प्यायला त्यांना वेळ लागला, कारण त्या रडत होत्या.

त्यानंतर जयवंताबाई रोज हापशीवर पाणी भरायला जाऊ लागल्या. मग शेजारच्या बायाही. लांबच्या विहिरीपेक्षा जवळची हापशी बरी, असं त्या म्हणायच्या. असेलही.

नव्वदीचं दशक सरत आलं तसे बाजारात रंगाचे डबे आले. चुन्याला कोणी विचारेना. द्वारकाबाई थकल्या, त्यांचा कुंचा आढ्याला खोचलेला राहिला. मी अंगणाच्या कोपऱ्यात पडून होतो. आतून चुन्याचे थर वाळून दगड झालेले. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. पोरं माझ्यात खडे टाकायची. मी रागावलोही नाही. रागवायचा कंटाळा आला होता.

एक दिवस जयवंताबाई चिंचेची टोपली घेऊन आल्या. त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाची चिंच. मनकर्णाला म्हणाल्या, "मना, याच्यातला चुना निघन का वं? हापशीपाशी लिंबाखाली ठेवू. वाटंनं जानाऱ्यायले पानी होईन."

मनकर्णा हसली. "इथं मात्र आंबट चालते, वहिनी."

दोघींनी चिंच कोळून माझ्यात ओतली. काय सांगू मित्रांनो! इतक्या वर्षांचे थर सळसळून फेसाळले, बुडबुडे आले, चुना सुटू लागला. त्यांनी घासलं, धुतलं, पुन्हा चिंच, पुन्हा पाणी. कितीतरी दिवस हे चाललं. शेवटी मनकर्णाने हळदीची एक पट्टी माझ्यातल्या पाण्यात बुडवून पाहिली. पट्टी पिवळीच राहिली.

मला हापशीजवळच्या कडुलिंबाखाली, वाळू पसरून बसवलं. अंगाला ओलं फडकं गुंडाळलं. कडेला पितळी गडवा टांगला. आणि आत हापशीचं पाणी भरलं. पाणी! मी तर विसरूनच गेलो होतो, पाणी आत आलं की कसं वाटतं.

पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना, सगळे नुसते बघत उभे. तेव्हा काठी टेकत भागाबाई आल्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. माझ्या काठावरून हात फिरवला, बोटाने टकटक वाजवून पाहिलं. मग गडवा काढला, माझ्यात बुडवला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ओठाला लावून पाणी प्याल्या. उरलेलं पाणी गडव्यात तसंच ठेवून तो त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मनकर्णापुढे केला.

"घे पोरी," त्या म्हणाल्या. "थंड हाये."

मनकर्णाने दोन्ही हातांनी गडवा घेतला आणि उरलेलं पाणी प्याली.

तर मित्रांनो, चुना घरात असेल तर जपून वापरा. आधी पाणी, मग चुना, आणि तोही थोडा थोडा. झाकून ठेवा, तोंड लांब ठेवा. कधी डोळ्यात गेलाच तर ताक, लिंबू, चिंच काही शोधू नका. नुसत्या पाण्याने धूत राहा, आणि मग दवाखाना गाठा. पाणी कोणाच्या घरचं, कोणाच्या हापशीचं, ते तेव्हाही विचारू नका आणि एरवीही नको.

आणि आमच्या गावावरून गेलात, तहान लागली, तर लिंबाखाली या. गडवा कडेला टांगलेला आहे, तुमच्या हाताने बुडवा. कोणाचा हात आहे, हे मी विचारत नाही. मी तर कधीच विचारलं नव्हतं.